समर टायर कसा निवडावा: पकड, आयुष्य आणि खर्च यांचा मेळ

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: कितीला पडेल आणि किती किलोमीटर चालेल? ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर गाडी कुठे थांबेल, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते निवड इथूनच सुरू व्हायला हवी. आधी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी ठरवायची. तिच्या खालचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी बाजूला ठेवायचा. मग उरलेल्या टायरमध्ये आयुष्य आणि खर्चाचा हिशोब करायचा. पहिल्यांदा टायर घेणाऱ्यांसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

समर टायर फक्त उन्हाळ्यातच वापरायचा असतो असं नाही. जिथे बर्फ पडत नाही आणि कडाक्याची थंडी नसते, तिथे तो बाराही महिने चालतो. त्याचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्याखाली ते कडक होत जातं आणि पकड घटते. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला, म्हणजे विंटर किंवा ऑल-सीझन प्रकारातला आहे. हिवाळा सौम्य असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. उबदार रस्त्यावर, मग तो कोरडा असो की ओला, चांगला समर टायर त्याच्यापेक्षा कमी अंतरात थांबतो.

तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये का मिळत नाहीत

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडं थांबू.

रस्त्याचा पृष्ठभाग बारीक खड्यांचा असतो. त्या खड्यांवर रबर दबतं, पुन्हा सावरतं आणि या दबण्या-सावरण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. ब्रेक मारताना ती जितकी जास्त खर्ची पडेल, तितकी पकड चांगली. पण ब्रेक न मारता सरळ चालतानाही टायर सतत दबत-सावरत असतो. तिथे गेलेली ऊर्जा म्हणजे वाया गेलेलं इंधन. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. शिवाय, मऊ रबर रस्ता चांगला धरत असलं तरी सहसा घासतंही लवकर.

१९९० च्या आधी कारच्या टायरमध्ये ताकदीसाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) मिसळलं जायचं. टायर कंपनी मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) वापरलेला, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर बाजारात आणला आणि पुढे हा प्रकार सगळीकडे रुळला. त्यामागची गंमत अशी: ८० च्या वेगाने जाताना चाक सेकंदाला साधारण ११ फेरे घेतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला ११ वेळा दबतो. पण रबर खड्यांवरून घसटतं तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. सिलिकाचं मिश्रण या जलद थरथरीत भरपूर ऊर्जा शोषतं आणि संथ दबण्यात कमी गमावतं. त्यामुळेच आज ओल्या रस्त्यावर भरवशाचा आणि इंधनालाही हलका असा टायर मिळू शकतो.

तरीही तिसरा कोन, म्हणजे झीज, उरतोच. पकड, झीज आणि रोलिंग रेझिस्टन्स या तिन्हींना सांभाळणारं मिश्रण महाग पडतं. स्वस्त टायरमध्ये यातलं काहीतरी एक सोडून दिलेलं असतं. ते काय आहे, हे विकत घेण्यापूर्वी शोधायचं.

पायरी १: आधी जुना टायर नीट बघा

नवीन टायरच्या शोधात निघण्यापूर्वी अर्धा तास जुन्या टायरपाशी बसा. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की पुढच्या टायरचा सगळा ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग) दिसतो. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत पोचली म्हणजे फक्त १.६ मिमी ट्रेड उरला आहे. अनेक देशांत हीच कायदेशीर मर्यादा आहे.

आता तो कुठून घासलाय ते बघा. दोन्ही कडा घासल्या आणि मध्यभाग शाबूत, तर हवा कमी राहत होती. मध्यभाग घासला तर हवा जास्त होती. टायर एकाच बाजूने खात असेल तर व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल) बिघडलंय. मग ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचत असेल, तर चाकांचा टो (पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) चुकलाय. डोळ्यांना हे बऱ्याचदा दिसत नाही, पण हाताला लगेच कळतं.

हे दुरुस्त न करता नवीन टायर चढवलात, तर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी तोही तसाच खाल्ला जाईल. टायर लवकर संपला म्हणून कंपनीला दोष दिला जातो, तेव्हा खरा दोष पुष्कळदा हवा आणि अलाइनमेंटचाच असतो.

बसल्या बसल्या दोन गोष्टी लिहून काढा. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते? आणि त्यातलं हायवेवर किती, शहरात किती, पावसात किती? पहिला आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पायरी २: साइडवॉलवरचे आकडे

समजा टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलंय. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार) आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा लोड इंडेक्स: एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार. व्ही ही वेगाची मर्यादा, ताशी २४० किमी. एच असेल तर २१० आणि टी असेल तर १९०.

तुमच्या गाडीला कोणता साइज चालतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. लोड इंडेक्स आणि वेगाची श्रेणी तिथे दिलेल्यापेक्षा खाली आणू नका. जास्त असली तर चालते. इलेक्ट्रिक गाड्या जड असतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत लोड इंडेक्स डोळ्यांत तेल घालून तपासा.

मोठे रिम आणि रुंद टायर लावायचा मोह अनेकांना होतो. २२५/४५ आर १७ चा बाहेरचा व्यास २०५/५५ आर १६ पेक्षा जेमतेम २-३ मिमीनेच जास्त भरतो, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण टायर महागतो, साइडवॉल बुटकी झाल्याने खड्ड्यात रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका वाढतो, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. खर्चाचं गणित जमवायचं असेल तर कंपनीने दिलेला साइजच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: ओल्या पकडीची रेषा आखा

ब्रेकिंगमधला फरक मीटरमध्ये ऐकला की किरकोळ वाटतो. जरा हिशोब करू. दोन सारख्या गाड्या ८० च्या वेगाने शेजारी शेजारी चालल्या आहेत, रस्ता ओला आहे आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक मारला. पहिली ३० मीटरवर थांबली, दुसरीला ३६ मीटर लागले. फरक फक्त ६ मीटरचा. पण पहिली पूर्ण थांबली त्या जागेवरून दुसरी जात असते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३३ किमीच्या आसपास असतो. समोर माणूस असेल तर ३३ च्या वेगाची धडक म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून या एका बाबतीत घासाघीस नको, असं मी कळकळीने सांगतो.

ही पकड कागदावर कशी ओळखायची? युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर लेबल सक्तीचं आहे आणि त्याचं सध्याचं रूप मे २०२१ पासून लागू आहे. त्यावर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई, रोलिंग रेझिस्टन्सही ए ते ई आणि आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तेच मॉडेल आणि तोच साइज युरोपात विकला जात असेल, तर हे लेबल इंटरनेटवर बघता येतं. मात्र एका नावाने वेगवेगळ्या बाजारांत वेगळ्या मिश्रणाचा टायरही विकला जातो, तेव्हा कुठे बनलाय तेही बघा. माझी रेषा अशी: ओल्या पकडीत ए किंवा बी. सी फक्त अगदी कोरड्या प्रदेशात, कमी वेगाने चालणाऱ्या गाडीसाठी. त्याखाली नाही.

अमेरिकेच्या पद्धतीत साइडवॉलवरच तीन गोष्टी कोरलेल्या असतात: ट्रेडवेअरचा, म्हणजे झीजेचा आकडा, ट्रॅक्शनची, म्हणजे पकडीची श्रेणी (डबल ए, ए, बी, सी) आणि तापमानाची, म्हणजे उष्णता सोसण्याची श्रेणी (ए, बी, सी). यातलं ट्रॅक्शन ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून मोजतात. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगणं त्यात धरलेलं नाही.

लेबलचीही मर्यादा आहे. ती चाचणी नव्या कोऱ्या टायरची असते. म्हणून शेवटच्या दोन-तीन टायरमध्ये निवड करायची असेल तर स्वतंत्र चाचण्या वाचा. जर्मनीचा वाहनचालक संघ एडीएसी आणि अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था कोरड्या-ओल्या रस्त्यावरच्या कामगिरीसोबत ट्रेडची झीजही तपासतात. वाचताना एकूण क्रमांकाकडे लक्ष देऊ नका. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि झीज हे दोनच रकाने बघा. तुमचा साइज नेमका तोच नसला तरी टायरचा स्वभाव कळतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात. मिशेलिन पायलट स्पोर्ट किंवा ब्रिजस्टोन पोटेंझा ही स्पोर्ट प्रकारातली नावं: वळणावर घट्ट, स्टीअरिंगला चटकन प्रतिसाद, पण आयुष्य सहसा कमी आणि किंमत जास्त. मिशेलिन प्रायमसी किंवा ब्रिजस्टोन टुरांझा हे टूरिंग प्रकारातले: शांत, टिकाऊ, रोजच्या वापराचे. नव्याने निवडणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी टूरिंग प्रकारातच शोधावं.

पायरी ४: आयुष्याचा अंदाज

ट्रेडवेअरचा आकडा बघून दुकानात हमखास निवाडा दिला जातो: हा ५००, तो ३००, म्हणजे पहिला जास्त टिकणार. हे अर्धंच खरं आहे. या आकड्यासाठी अमेरिकेत टेक्सासमधल्या ठरावीक मार्गावर गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात आणि प्रमाणित टायरच्या तुलनेत झीज मोजतात. प्रमाणित टायरला १०० धरलं तर ४०० वाल्याची झीज चौपट संथ. पण पूर्ण आयुष्याचा अंदाज या थोड्या अंतरावरून काढलेला असतो आणि टायरवर छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला तो बरा. दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका.

त्याहून उपयोगी, पण फारसं कोणी विचारत नाही असा आकडा म्हणजे नव्या टायरच्या ट्रेडची खोली. समर टायरमध्ये ती बहुधा ७ ते ८ मिमी असते. कायदेशीर मर्यादा १.६ असली तरी समर टायर ३ मिमीला बदलावा, कारण त्यानंतर पाणी बाहेर फेकण्याची ताकद फार घसरते. आता बघा: ७ मिमीच्या टायरमध्ये वापरता येण्याजोगा ट्रेड ४ मिमी आणि ८ मिमीच्या टायरमध्ये ५ मिमी. झीजेचा वेग सारखा धरला तर दुसरा २५ टक्के जास्त चालेल. साध्या डेप्थ गेजने दुकानातच मोजता येतं. मोजू द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.

पायरी ५: किलोमीटरमागे खर्च काढा

पहिल्या टायरची किंमत १०० धरा आणि अंदाजे आयुष्य ४५,००० किलोमीटर. दुसऱ्याची किंमत ७५ आणि आयुष्य ३०,०००. फिटिंग, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह यांचे दोन्हीकडे १० धरा. हा खर्च टायर बदलताना दर वेळी येतो. पहिला हजार किलोमीटरला २.४४ ला पडला, दुसरा २.८३ ला. स्वस्त टायर महाग ठरला.

इथवर बहुतेक जण पोचतात आणि महागडा, टिकाऊ टायर घेऊन मोकळे होतात. पण पायरी १ मधला आकडा आता काढा. गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच चालत असेल तर पहिल्या टायरचे ४५,००० किलोमीटर व्हायला साडेसात वर्षं लागतील. तोवर रबर जुनं होऊन कडक पडतं, साइडवॉलला बारीक भेगा पडतात, आणि ट्रेड शिल्लक असूनही ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. सहाव्या वर्षी बदललात तर त्याने ३६,०००च किलोमीटर दिले: हजाराला ३.०६. दुसरा टायर मात्र पाच वर्षांत पूर्ण वापरून संपला, २.८३ लाच. निकाल उलटला.

म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीने लांब आयुष्यासाठी पैसे मोजू नयेत. तेच पैसे जास्त चांगल्या ओल्या पकडीवर लावावेत. मऊ रबर लवकर घासतं ही अडचण तिला जाणवणारच नाही. वर्षाला २०,००० च्या पुढे चालणाऱ्या गाडीने मात्र टिकाऊपणा आणि रोलिंग रेझिस्टन्स दोन्ही बघावेत. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला की इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी ४०,००० किलोमीटरला २,५०० लिटर पिते. २ टक्के म्हणजे ५० लिटर. चारही टायरच्या किमतीतून तेवढं वजा करून बघा, कधी कधी महाग टायरच स्वस्त पडतो. फक्त या बचतीसाठी ओल्या पकडीची श्रेणी खाली आणू नका.

पायरी ६: घेताना आणि बसवताना

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरवर बघा, एकावरच नको. नीट साठवलेला वर्षभराचा टायर बिनधास्त घ्या. तीन वर्षांहून जुना असेल तर सवलत कितीही असो, नको. वापरलेले टायर तर नकोच. आतून काय सोसलंय ते बाहेरून कळत नाही.

चारही एकदम बदलणं परवडत नसेल तर एका एक्सलचे (पुढचे किंवा मागचे) दोन बदला, दोन्ही एकाच मॉडेलचे. आणि नवे टायर मागे लावा. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरीसुद्धा. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं, कारण घासतात पुढचे. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि सराव नसलेल्या माणसाला ती सावरता येत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र नवे-जुने मिसळण्याआधी पुस्तिका वाचा. चाकांच्या व्यासातला फरक तिथे गिअर यंत्रणेला त्रास देतो.

बसवून झाल्यावर साइडवॉलवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, एवढं स्वतः बघा. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून निघताना ट्रेडवर राहिलेला गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.

पायरी ७: बसवल्यानंतर

हवा महिन्यातून एकदा आणि टायर गार असताना तपासा. किती भरायची ते दाराच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो. तेवढी हवा भरू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब जवळपास २ पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऋतू बदलताना तर नक्की बघा. कमी हवेचा टायर तापतो, कडेने खातो, इंधन वाढवतो आणि पाण्यावर लवकर तरंगतो. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी बघून घ्या.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. बाणवाले टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे, डावे-उजवे नाही. नवे दोनच घातले असतील तर ही अदलाबदल करू नका. जास्त ट्रेडचे टायर मागेच राहू द्या. खड्ड्यात जोरात आपटली तर अलाइनमेंट लगेच करून घ्या. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर ट्रेड कितीही असला तरी बदला.

आणि एक वही ठेवा. टायर नवा असताना आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणची खोली त्यात लिहा. ५,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. अर्धा मिमी कमी झाला असेल तर दर दहा हजारांना एक मिमी जातोय, सुरुवात ७.५ मिमीने झाली असेल तर ३ मिमीपर्यंत साधारण ४५,००० किलोमीटर मिळतील. तीन ठिकाणची झीज सारखी नसेल तर हवा किंवा अलाइनमेंट कुठे चुकतंय तेही याच वेळी कळेल, टायर वाचवता येण्याजोगा असतानाच. पुढचा सेट घेताना पायरी ५ मधल्या हिशोबात हाच तुमचा स्वतःचा आकडा वापरा.